वाट सोडा! वाघाच्या वाटेवरच्या गावांचा जाहीरनामा

आईपासून वेगळा झालेला दोन-अडीच वर्षांचा नर वाघ काळी व्याघ्र प्रकल्पातून उत्तरेला निघतो. दांडेलीचं रान मागे टाकून तो खानापूर तालुक्यातल्या भीमगडला येतो, तिथून गोव्याच्या सत्तरीत उतरतो, म्हादईचं खोरं ओलांडतो आणि चोर्ल्याच्या बाजूने महाराष्ट्रात शिरतो. पुढे तिलारी, दोडामार्गचे डोंगर, चंदगडचा पश्चिम काठ, आंबोली, आजरा-भुदरगडची रानं, राधानगरी आणि दाजीपूर, गगनबावडा, विशाळगड, आंबा, आणि सगळ्यात शेवटी चांदोली-कोयना. सह्याद्रीच्या माथ्यावरून जाणारी ही हिरवी पट्टी काही ठिकाणी ऐसपैस आहे. काही ठिकाणी ती इतकी चिंचोळी आहे की एखादा खडी क्रशर किंवा दहा-वीस एकर रबर मधे आलं की तुटते.

या वाटेवर तीन राज्यांची वनखाती आहेत, अभयारण्यं आहेत, संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत आणि शेकडो गावं आहेत. आम्ही त्या गावांतले. कुणाची काजूची बाग आहे, कुणाची नाचणी, कुणाचा ऊस. काही गवळी-धनगर आहेत, काही प्राथमिक शिक्षक, काही वनखात्यातून निवृत्त झालेले वनरक्षक, काही कोल्हापूर-पणजीला शिकणारी मुलंमुली. एकेकाळी बंदूक खांद्याला लावून रात्री रानात गेलेलेही आमच्यात आहेत. त्यांना रान इतरांपेक्षा जास्त कळतं, म्हणून ते हवेतच. संस्था नोंदवायची नाही, अध्यक्ष-सचिव नेमायचे नाहीत आणि कागदावर कुठेही वाघाच्या पंजाचं बोधचिन्ह छापायचं नाही, एवढ्यावर मात्र चटकन एकमत झालं.

आमचं म्हणणं थोडक्यात असं. सह्याद्रीतला वाघ टिकेल की नाही, ते अभयारण्याच्या आत ठरणार नाही. दोन अभयारण्यांच्या मधल्या जमिनीत ते ठरेल. या मधल्या जमिनीपैकी बरीचशी आमच्या सातबारावर आहे, किंवा ती कुणाच्या सातबारावर असावी याचा वाद आम्ही पिढ्यान्पिढ्या लढतो आहोत. तेव्हा वाघाबद्दल बोलायचं तर आमच्याशी बोलावं लागेल, आणि आम्हालाही आता बोलावं लागेल.

देशात वाघ वाढले हे खरं आहे. १९७२च्या गणनेत १८२७ भरले. दुसऱ्या वर्षी १ एप्रिलला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, पहिल्या नऊ प्रकल्पांत आपलं मेळघाट होतं. पुढे सरिस्कात वाघ संपले तेव्हा, २००४-०५ साली, रानात एकही नव्हता आणि खात्याच्या वह्यांत मात्र होते. २००६ साली नव्या पद्धतीने मोजल्यावर देशाचा आकडा १४११ निघाला. २०२२मध्ये तो ३६८२ झाला, त्यांतले ४४४ महाराष्ट्रात. ज्यांनी हे घडवलं त्या वनरक्षकांना, संशोधकांना आणि विदर्भातल्या गावांना आमचा मनापासून नमस्कार. पण ते ४४४ जवळजवळ सगळे विदर्भातले. सह्याद्रीच्या वाट्याला एका हाताची बोटंही पुरी लागू नयेत इतके. गोव्याच्या वाट्याला पाच. देशाचा आकडा वाढतो म्हणून पश्चिमेकडे सगळं ठीक आहे असं समजणं म्हणजे नागपुरात पाऊस पडला म्हणून माणमध्ये टँकर बंद करण्यासारखं आहे.

वाघ कसा जातो हे महाराष्ट्राला काही नवीन नाही. १८२५ नंतरच्या दहा वर्षांत खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा जेम्स आउट्रम हा कंपनी सरकारचा अधिकारी आणि त्याचे साथीदार यांनी मारलेल्या वाघांची संख्या दोनशेच्या आसपास सांगितली जाते. त्या काळी ती बढाई होती, आणि मारलेल्या वाघामागे सरकारी बक्षीसही असे. आज यावलच्या रानात एखादा वाघ दिसला तर ती जिल्ह्याची बातमी होते. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकरवी काळविटांची शिकार करण्याचा शौक होता, आणि चित्तेवान हा त्या कामाचा पेशाच होता. १९५२ साली चित्ता देशातून संपल्याचं जाहीर झालं. सत्तर वर्षांनी, १७ सप्टेंबर २०२२ला, नामिबियातून आठ चित्ते विमानाने आणून कुनोत सोडावे लागले. सह्याद्रीच्या वाघासाठी अजून विमानाची वेळ आलेली नाही. तो स्वतःच्या पायाने येतो आहे, वाट असेपर्यंत.

सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०१०मध्ये जाहीर झाला. चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य मिळून, बफरसह, ११६५ चौरस किलोमीटर. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी असे चार जिल्हे. नाव व्याघ्र प्रकल्प, आणि आत वाघ नाही म्हटलं तरी चालेल अशी अवस्था. विष्ठा मिळायची, पावलं मिळायची, फोटो मिळत नव्हता. मे २०१८मध्ये चांदोलीत कॅमेऱ्यात एक नर टिपला गेला तेव्हा प्रकल्प होऊन आठ वर्षं झाली होती. पुढे तीन नर ओळखले गेले. सेनापती, सुभेदार, बाजी अशी भारदस्त नावं त्यांना मिळाली. तिघेही दक्षिणेकडून वरच्याच वाटेने आलेले असणार, कारण दुसरी वाटच नाही.

तिघेही नर होते ही यातली मुख्य गोष्ट, आणि ती पुरेशी बोलली जात नाही. वयात आलेला नर शंभर-दोनशे किलोमीटर भटकतो. मादी बहुधा आईच्या शेजारीच आपला मुलूख मांडते. म्हणून नर चांदोलीपर्यंत पोचतो आणि मादी पोचत नाही. ती सरकत सरकत येते, एका पिढीत एक खोरं. आई सत्तरीत, लेक तिलारीत, नात आंबोलीत, असं चाललं तर चांदोलीत बछडे होतील. यासाठी मधल्या प्रत्येक खोऱ्यात एका वाघिणीला दोन वर्षं बछडे घेऊन निवांत राहता यावं लागतं. नुसती रात्री पळत ओलांडण्यापुरती पट्टी तिला पुरत नाही. नकाशावर भ्रमणमार्ग म्हणून बाणाची रेघ काढणाऱ्यांना आमचं हे सांगणं आहे: ती रेघ नव्हे, तिथे घर हवं.

घर म्हटलं की खाणं आलं. एका वाघाला वर्षाला पन्नासेक मोठी जनावरं लागतात, म्हणजे साधारण आठवड्याला एक. आणि तेवढी मारली तरी कळप टिकायचे तर मागे पाचशेक जनावरं हवीत, असा उल्लास कारंतांसारख्या वाघ-अभ्यासकांचा ठोकताळा आहे. आमच्याकडे गवा आहे, सांबर आहे, रानडुक्कर आणि भेकर आहे, पण सह्याद्रीच्या दाट सदाहरित रानात चरण मुळातच कमी. चांदोलीत सागरेश्वरची चितळं नेऊन सोडली ती त्यामुळेच. तिथे गवताची कुरणं आहेत ती कुठली? उठवलेल्या गावांची भातशेती होती ती. हे बोलताना आमच्यातल्या काहींचा आवाज चढतो आणि आम्ही तो चढू देतो. त्या गावांच्या पुनर्वसनाचे प्रश्न आजही धरणं-मोर्चांत निघतात. ज्यांच्या शेतात आज गवा चरतो त्यांच्या नातवंडांना अजून जमिनीचा हिशेब पुरा मिळालेला नसेल, तर वाघासाठी पुढचं कोणतंही आवाहन करताना सरकारने आधी ती फाईल उघडावी.

नोव्हेंबर २०२५मध्ये ताडोब्याची एक वाघीण चांदोलीत आणून सोडली. तिकडे ती चंदा होती, इकडे तारा झाली. पाठोपाठ आणखी एक आली. केंद्राने एकूण आठ वाघांना मंजुरी दिली आहे, पाच माद्या आणि तीन नर. आम्ही या वाघिणींचं स्वागत करतो. मादी स्वतःहून पोचेपर्यंत थांबायचं म्हटलं तर आमची पिढी संपेल, हे आम्हाला मान्य आहे. पण एक भीती आहे. वाघ गाडीत घालून आणता येतो हे एकदा दिसलं की वाट राखायची कटकट कुणाला हवी? खाण मंजूर करणारा म्हणेल, तुटली वाट तर तुटली, दर पाच वर्षांनी दोन वाघ आणून सोडू. ११६५ चौरस किलोमीटरमध्ये आठ-दहा वाघ कोंडले तर दोन-तीन पिढ्यांत त्यांची आपापसांतच लग्नं लागतील. त्याला संवर्धन म्हणायचं की मोठं प्राणिसंग्रहालय? आणलेल्या वाघिणी हा या कामाचा आरंभ आहे. तिलारीची वाट तुटली तर तोच शेवटही ठरेल.

आता जमिनीकडे येऊ. सिंधुदुर्गातलं रान फार मोठ्या प्रमाणावर खासगी आहे. कुणाच्या सातबारावर १९७५च्या कायद्याची खासगी वनाची नोंद, कुठे आकारीपड, तर आंबोली, चौकुळ, गेळे इथे कबुलायतदार गावकरांच्या जमिनींचा प्रश्न, सावंतवाडी संस्थानापासून चालत आलेला. या घोळात माणसाला स्वतःच्या जमिनीवर कर्ज मिळत नाही, वाटणी होत नाही, घर बांधता येत नाही. जिथे कागद सरळ आहे तिथे एजंट येतो. मुंबईत पोराच्या फ्लॅटचा हप्ता, गावात आईचं ऑपरेशन, आणि डोंगरातल्या पंधरा एकरांवर नुसती जंगली झाडं. विकली जाते. मग जेसीबी येतो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे रबराच्या सरळ रांगा उभ्या असतात. दोडामार्गात हे आम्ही डोळ्यांदेखत पाहिलं. रबर लावणाऱ्यांना शिव्या घालण्यात अर्थ नाही. त्यांनी पैसे मोजले, जमीन आपल्यातल्याच कुणीतरी विकली. रबराच्या बागेतून वाघ एखाद वेळी जाईल, पण तिथे सांबर राहत नाही, म्हणजे वाघीणही राहणार नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला मनाई केली ती २०१३ साली. मार्च २०२४मध्ये त्याच न्यायालयाने इथली २५ गावं पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित करण्याचे आदेश दिले. आमच्यातल्याच अनेकांना या शब्दाची धास्ती वाटते, कारण त्याचा अर्थ त्यांना कुणी मराठीत नीट सांगितलेला नाही. गोठ्याचं छप्पर बदलता येणार नाही, काजू लावता येणार नाही अशा अफवा गावभर फिरतात आणि त्या पसरवणाऱ्यांत खाणीचे हितचिंतक पुढे असतात. आमची भूमिका स्पष्ट आहे. अधिसूचना निघावी, आणि निघण्याआधी प्रत्येक ग्रामसभेत तिचा मसुदा मराठीत वाचून दाखवावा. शेती, बागायत, घरदुरुस्ती यांना हात लागणार नाही हे त्यात लिहिलेलं असावं, खाण आणि मोठे प्रकल्प यांना बंदी हेही लिहिलेलं असावं. तोंडी आश्वासन आम्हाला नको.

खाणीच्या बाबतीत चर्चेला जागा नाही. कळणेत जुलै २०२१मध्ये खाणीच्या खड्ड्यातलं पाणी आणि माती गावात घुसली, ती सगळ्यांनी पाहिली. राधानगरी, शाहूवाडी, चंदगड इथल्या बॉक्साइटच्या सड्यांचंही तसंच. सडा म्हणजे उजाड कातळ असं सरकारी कागद म्हणतात. पावसाळ्यानंतर त्याच कातळावरचं गवत गव्यांचे कळप पोसतं. या वाटेवर नवी खाण नको, जुन्यांची मुदत वाढवू नका.

रस्त्यांबद्दल आमचा विरोध सरसकट नाही. आंबोली, तिलारी, फोंडा, करूळ, आंबा, कुंभार्ली हे घाट आमचे रोजचे आहेत, बाळंतिणीची गाडी तिथूनच जाते. पण नागपूर-शिवनी मार्गावर पेंचजवळ नऊ ठिकाणी रस्ता उचलून जनावरांना खालून वाट करून दिली, ती कोर्टकचेऱ्या झाल्या म्हणून, आणि आज तिथून वाघ जाताना कॅमेऱ्यात दिसतात. बंदीपूरच्या रानातून रात्रीची वाहतूक २००९पासून बंद आहे, तरी म्हैसूर आणि वायनाड दोन्ही जागच्या जागी आहेत. घाटरस्ता रुंद करताना हे आधीच अंदाजपत्रकात धरा. आणि वर्धा जिल्ह्यातल्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीपर्यंत, मूळ आखणीत ८०२ किलोमीटरचा, शक्तिपीठ महामार्ग, ज्याला कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी जमीन वाचवण्यासाठी विरोध केला, त्याला आमचाही विरोध आहे. शेतकऱ्यांच्या कारणाने आहे आणि आमच्या कारणानेही. एवढ्या रुंदीचा, कुंपण घातलेला रस्ता सह्याद्री उतरून गोव्याकडे गेला तर वरचे वाघ वर आणि खालचे खाली.

इथवर सरकारबद्दल. पण गोळावलीबद्दल बोलल्याशिवाय आमचा जाहीरनामा खरा ठरणार नाही.

जानेवारी २०२०. म्हादई अभयारण्यातलं सत्तरी तालुक्यातलं गाव. काही दिवसांत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. विषप्रयोग. वाघाने गाय-म्हैस मारली, आणि मारलेल्या जनावरावर विष टाकलं गेलं. ज्या वाघिणीची चांदोलीत दहा वर्षं वाट पाहिली जात होती तशीच एक, तीन बछड्यांसह, आमच्याच वाटेवर, आमच्याच हाताने गेली. ते करणारे कुणी शिकारी टोळीवाले नव्हते. दूध विकून घर चालवणारे लोक होते. शहरात मेणबत्त्या लागल्या, इकडे अटका झाल्या. दोन्हीच्या मधला एक प्रश्न कुणी नीट विचारला नाही: म्हैस मेल्याच्या दिवशी त्या घरात कोण गेलं होतं?

आमच्याकडे वाघोबाचं ठाणं आहे, वाघजाई आहे, वाघबारस होते. त्यावर सुंदर लेख येतात, फोटो येतात, आणि गावकरी वाघाला देव मानतात म्हणून वाघ सुरक्षित आहे असा निष्कर्ष त्यांत असतो. या निष्कर्षाचा आम्हाला कंटाळा आला आहे. वाघोबापुढे नारळ फोडणारा आणि डुकरासाठी फासकी लावणारा हात कधी कधी एकच असतो. देव मानणं खरं आहे आणि म्हशीचा हप्ताही खरा आहे. श्रद्धेवर वाघ सोडून दिला तर हप्ता जिंकतो.

म्हणून आमचं पहिलं काम जनावराच्या पंचनाम्याचं. भरपाईचे सरकारी नियम आहेत, दर आहेत, मुदती आहेत. पण पंचनाम्याला माणूस येईपर्यंत मढं कुजतं, पावसाळ्यात फोटो येत नाहीत, आणि पैसे हातात येईतो दुसरी म्हैस घ्यायची वेळ टळून गेलेली असते. प्रत्येक गावात आम्ही दोघांना तयार करणार: कळल्याबरोबर जायचं, मढं हलवू द्यायचं नाही, फोटो काढायचे, अर्ज भरायचा, वनखात्याला फोन लावायचा. आणि त्याच दिवशी गावाच्या निधीतून त्या घराला उचल द्यायची. सरकारचे पैसे आले की उचल परत. निधीत पैसे कुठून येणार हे कुणीही विचारेल. दूध संघ, काजू कारखाने, देवस्थानं आणि मुंबईची गावमंडळं यांच्याकडे आम्ही जाणार आहोत. गावच्या देवळाच्या कळसाला मुंबईकर लाखांनी देतात, म्हशीला हजारांनी देतील असा आमचा भरवसा आहे.

दुसरं काम फासकीचं. मोटारसायकलच्या क्लचची तार, वेलीआड लपवलेला फास. भात पोटरीला आलं की डुकरं येतात आणि फासक्या लागतात. त्यांत डुक्कर अडकतं तसा बिबट्याही अडकतो, हे कोकणात दरवर्षी घडतं. वाघ अडकायला उशीर लागणार नाही. पिकाची राखण कशी करायची याचं उत्तर दिल्याशिवाय नुसतं फासक्या काढा म्हणणं पोकळ आहे. चार-पाच शेतकरी मिळून सौर कुंपण, ज्याला विदर्भात झटका मशीन म्हणतात, आणि पाळीपाळीने रात्रीची राखण, हे आम्ही आमच्या वाड्यांपासून सुरू करू. मुख्य वाहिनीची वीज थेट तारेत सोडणं मात्र कोणत्याही कारणाने चालणार नाही. विदर्भात त्याने वाघ मेले आहेत आणि माणसंही. स्वतःहून फासकी आणून देणाऱ्याचं नाव आम्ही कुणाला सांगणार नाही. त्यानंतर लावली तर आम्हीच सांगू.

वणव्याचं बोलायला नको. फेब्रुवारीत सडे पेटवणारे कोण ते गावाला ठाऊक असतं. जाळरेषा आम्ही काढू.

व्हॉट्सअ‍ॅपचं मात्र बोलायला हवं. वाघ दिसला की जागेसह व्हिडिओ टाकायचा नाही. दुसऱ्या दिवशी पंचवीस गाड्या येतात, आणि त्या पंचवीसांत एखादी भलतीच असते. आणि या वाटेवर सफारी सुरू करा ही मागणी आम्ही करणार नाही. ताडोब्यात जिप्सींच्या रांगांतून काही गावांना चार पैसे मिळतात, त्याबद्दल असूया नाही. पण इथे दाट रान आहे, वाघ मोजके आहेत, दिसणार कुणालाच नाही आणि रिसॉर्ट मात्र दहा होतील.

विदर्भाकडून आम्ही आणखीही शिकतो आहोत. तेंदूच्या हंगामात, भल्या पहाटे पानं तोडायला गेलेल्या बायका वाघाच्या हल्ल्यात मरतात. सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरी ही नावं उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत का येतात हे सगळ्यांना माहीत आहे. माणूस गेल्यावर २५ लाख मिळतात आणि ते मिळायलाच हवेत, पण मेलेली आई चेकने परत येत नाही. तिथे हे का घडतं? रान भरलं, बाहेर जायच्या वाटा कालव्यांनी, खाणींनी, रस्त्यांनी अडल्या, आणि तरणे वाघ शेताकडेच्या झुडपांत राहू लागले. आमच्याकडे वाघ थोडे आहेत तोवरच हे टाळायची तयारी करता येईल. आज वाघ मोजणाऱ्या कॅमेऱ्यांवर जितकं लक्ष आहे तितकंच गावातल्या शौचालयांवर, गॅस सिलिंडरवर आणि वाडीच्या दिव्यांवर लक्ष द्या. पहाटे अंधारात सरपणाला किंवा परसाकडे रानात जावं न लागणं हा वाघापासूनचा सगळ्यात स्वस्त बचाव आहे.

म्हादईच्या व्याघ्र प्रकल्पावर आमच्यात एकमत नाही, आणि ते आम्ही झाकणार नाही. २४ जुलै २०२३ला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत म्हादई व्याघ्र प्रकल्प जाहीर करा आणि बारा महिन्यांत वनवासींचे हक्क निश्चित करा असा आदेश दिला. गोवा सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. आमच्यातले काही म्हणतात, प्रकल्प ताबडतोब हवा, त्याशिवाय खाण आणि धरणं थांबणार नाहीत. सत्तरीतले काही म्हणतात, चांदोलीत काय झालं ते पाहा, आधी आमचे वनहक्काचे दावे निकाली काढा. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. कर्नाटकात बिळिगिरी रंगन डोंगरावर व्याघ्र प्रकल्पाच्या आत सोलिगांच्या ग्रामसभांना २०११मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि तिथले वाघ त्यामुळे पळून गेले नाहीत, उलट वाढले. गडचिरोलीत मेंढा-लेखाने सामूहिक वनहक्क मिळवून बांबूचा कारभार स्वतः चालवून दाखवला. तेव्हा सगळ्यांना मान्य अशी आमची मागणी इतकीच: हक्कांचं काम आणि प्रकल्पाचं काम एकाच दिवशी सुरू व्हावं, आणि एक संपेपर्यंत दुसरं थांबवून ठेवण्याची सबब कोणत्याही सरकारला मिळू नये.

हत्तींवरही वाद आहे. २००२ साली कर्नाटकातून हत्ती तिलारीच्या बाजूला उतरले, ते याच रानांतून. केर-मोर्ले भागातल्या बागायतदाराला वाघाबद्दल प्रेमाने बोला असं सांगायला आमच्यातला कुणी तयार नाही. त्याच्या माडांची, सुपारीची भरपाई आजच्या भावाने मिळावी ही मागणी आम्ही आमच्याच यादीत घेतली आहे, तो चळवळीत येवो न येवो.

वाघ वाचला तर नद्या वाचतात, असं सांगायची एक पद्धत आहे. कोयना, वारणा, भोगावती, तिलारी, म्हादई या सगळ्या याच रानांतून वाहत येतात, त्यामुळे ते चूक नाही. पण सह्याद्रीत वाघ असावा याला आम्हाला पाण्याचं कारण लागत नाही. तो इथला आहे, आमच्याआधीपासून. पाण्यासाठी आम्ही वेगळं भांडतो.

आता मोबदला. डोंगरातलं खासगी रान उभं ठेवणाऱ्याला दरसाल एकरी काही रक्कम मिळावी, रबराच्या उत्पन्नाशी तिची तुलना करता यावी इतकी. हे दान नव्हे, भाडं आहे. तीन राज्यं आणि केंद्र ते वाटून घेऊ शकतात, आणि एका घाटरस्त्याच्या रुंदीकरणाच्या खर्चात कितीतरी एकर रान कितीतरी वर्षं राहील याचा हिशेब खात्याने स्वतः करून बघावा. जमीन विकायची वेळ आलेल्याला आम्ही उपदेश करणार नाही. विकण्याआधी गावात एकदा विचार, एवढीच विनंती. कदाचित गावातलंच कुणी घेईल, कदाचित चार जण मिळून घेतील.

आणलेल्या वाघिणी कुठे फिरतात याची माहिती वनखात्याकडे रेडिओ कॉलरमुळे असते. ती जागा जगजाहीर करा असं आम्ही म्हणत नाही. पण वाघीण कोणत्या वाडीच्या आसपास आली हे त्या वाडीच्या पोलीस पाटलाला त्याच संध्याकाळी, मराठीत, फोनवर कळायला हवं. यासाठी निधी लागत नाही.

चळवळीत यायला वर्गणी नाही. गावात राहणारा कुणीही येऊ शकतो, शहरातला येऊ शकतो, वनखात्याचा कर्मचारी गणवेश उतरवून येऊ शकतो. खाणीचा ठेका किंवा जमिनीची दलाली असणाऱ्याने येऊ नये, भांडण होईल.

कामाची सुरुवात भाताच्या हंगामात, भाद्रपदापासून. दोडामार्ग, सावंतवाडी, चंदगड, आजरा, राधानगरी, शाहूवाडी आणि सत्तरी इथल्या ज्या वाड्या तयार आहेत तिथे गणपती गेल्यानंतरच्या रविवारी शेतकडेच्या रानात फासक्या शोधत फिरायचं. जुने शिकारी पुढे राहतील, त्यांना लावायच्या जागा माहीत आहेत. दोघादोघांनी चाला, पायात बूट घाला, फुरसं आणि घोणस दोन्ही असतात. सापडलेली तार तिथेच टाकू नका, पोत्यात भरून ग्रामपंचायतीत जमा करा आणि रजिस्टरला नोंद घ्या. येताना पक्कड आणा, कोयत्याने तार तुटत नाही.